गावठाणाचा ड्रोन नकाशा आलाय, चौकशीआधी गावासमोर मांडावा का?

वैजू_घाटाखालची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी आमच्या गावची ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. स्वामित्व योजनेत (गावठाणातली घरं ड्रोनने मोजून मालकीचा कागद द्यायची सरकारी योजना) आमच्या गावठाणावरून ड्रोन उडाला. आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारल्या, शाळेतली पोरं ड्रोनमागे धावली, आणि मग बरेच महिने कुणी काही बोललंच नाही. आता कच्चा नकाशा आलाय. पुढे जागेवर पडताळणी, मग चौकशी (कुणाचा हक्क ते ठरवणं), मग सनद (मालकीचा कागद), असं सांगितलंय.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत.

पहिली: चौकशी सुरू होण्याआधी या नकाशाची मोठी प्रत काढून भिंतीवर लावायची. फक्त घरांचे क्रमांक घालायचे, नावं नाहीत. ग्रामसभेत आळीवार वाचायचा आणि चुका तिथेच टिपून घ्यायच्या. सरपंच आणि दोन ज्येष्ठ सदस्यांना हे पटत नाही. "नोटीस ज्याची त्याला जाणारच आहे. सगळ्या गावाला दाखवून भांडणं कशाला विकत घ्यायची?"

दुसरी: त्याच नकाशावर पाण्याचे व्हॉल्व्ह, दिव्यांचे खांब, गटारं, हातपंप हेही भरून घ्यायचं. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या आळीचा हे आमच्याकडे फक्त पाणी सोडणाऱ्या काकांना माहीत आहे. ते लग्नाला गेले की खालची आळी कोरडी.

असं कुणी केलंय का? कुठे अडतं? मतं हवीत, शिव्याही चालतील.

टिपणवही

ताई, मी भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त आहे. थोडं मागून सांगतो.

गावठाणाचा नकाशा आजवर का नव्हता? इंग्रजांनी जमीन मोजली ती शेतसाऱ्यासाठी. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यात शेताचा बांध न् बांध टिपला गेला. गावठाणावर शेतसारा नाही, म्हणून त्याची फक्त बाहेरची हद्द घेतली. आत घरं किती, कुणाची, बोळ किती रुंद, याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. पुढे मोठ्या गावांची भूमापनं झाली, आखीव पत्रिका (घराच्या जागेचे मालकीचे उतारे) तयार झाल्या, लहान गावं तशीच राहिली. म्हणून माणूस नमुना ८ चा उतारा घेऊन बँकेत जातो आणि बँक त्याला सांगते, हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

महाराष्ट्रात ड्रोनचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला. देशपातळीवर स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी जाहीर झाली. उड्डाण आणि चित्रांवरची प्रक्रिया भारतीय सर्वेक्षण विभाग करतो, गावातलं काम आमचं खातं आणि ग्रामपंचायत मिळून.

आता मुद्द्याचं. ड्रोनच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण पाच सेंटिमीटर. नकाशा १:५०० प्रमाणात निघतो. उपग्रहावरून जागा धरणारी कॉर्स नावाची कायमची केंद्रं आहेत, आपल्या राज्यात ७७, त्यांच्या आधाराने सगळं बसवलं जातं. साखळीने जमीन मोजायच्या काळात हे स्वप्नात नव्हतं. पण ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पत्रा भिंतीच्या दीड फूट पुढे असतो. पागोळ्या शेजाऱ्याच्या बोळात पडतात. चिंचेखालचं अर्धं घर चित्रात येतच नाही. दोन वाड्यांची सामायिक भिंत वरून एकच रेघ दिसते, ती कुणाच्या किती मालकीची हे ड्रोन सांगणार नाही. चुना त्यासाठीच मारतात, पण रात्री पाऊस झाला किंवा सकाळी म्हशी त्यावरून गेल्या की संपलं.

म्हणून खरी मोजणी म्हणजे पडताळणी. त्या दिवशी घरातलं जाणतं माणूस आणि दोन्ही बाजूचे शेजारी जागेवर हवेत. चौकशी अधिकारी कागद पाहून हक्क ठरवतात, त्याआधी हरकत घेता येते. सनद निघाल्यानंतर दुरुस्ती करायची तर अपील, फेरमोजणी आणि वकील. भांडण टळत नाही, फक्त महाग होतं.

माझं मत: लावा भिंतीवर.

कापूसकोंड्या

+१. वाचनखूण साठवली आहे.

गुलमोहर_७२

सरपंचांचं बरोबर आहे. आमच्या गावात कुणीतरी कच्च्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत दोन चुलतभाऊ पोलीस ठाण्यात. ज्या बोळातून दोघांची गुरं तीस वर्षं जात होती, तो कुणाच्या हद्दीत हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता.

आणि एक कुणी बोलत नाही. हे सगळं घरपट्टीसाठी आहे. पडवी दिसते, मागचा गोठा दिसतो, गच्चीवरची खोली दिसते. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात देशभर ६५ लाखांवर मालमत्ता पत्रिका वाटल्या. एवढ्या घाईत कुणाच्या पडवीची कोण चौकशी करतो?

घरावर कर्ज मिळेल म्हणतात. कर्ज मिळेल म्हणजे घर जप्तही होईल. आजवर गावठाणातलं घर सावकारालाही नको होतं, कारण कागदच नव्हता.

टिपणवही

@गुलमोहर, घरपट्टीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि लपवण्यासारखं नाही. ग्रामपंचायतींना मालमत्ता कर नीट आकारता यावा हे योजनेच्या उद्दिष्टांतच आहे. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे घर-जागेच्या किमतीवर आहे. त्यात क्षेत्रफळ आलंच. ज्याची वाढीव खोली आकारणीत नाही, त्याची पट्टी वाढेल. पण ज्याचं मोडकळीला आलेलं घर अजून आजोबांच्या मापाने आकारलं जातंय, त्याची कमीही होऊ शकते. वैजूताई, ग्रामसभेत हे तुम्हीच आधी बोला. दुसऱ्याने काढलं तर तुमच्यावर संशय येईल.

जप्तीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

बंदरावरची_आवली

मी मुंबईची, कोळीवाड्यातली. गावठाण म्हटलं की लोकांना वाटतं हा गावाकडचा विषय. मुंबईतही गावठाणं आहेत, आणि नकाशा आधी न वाचण्याची शिक्षा काय असते ते आम्हाला विचारा.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. वारसा वास्तू, देवळं, चर्च, शाळा यांच्या खुणा चुकलेल्या, वस्तीतून रस्ते काढलेले. हजारोंनी हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप रद्द करून नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप २०१६ ला, अंमलबजावणी २०१८ ला. या सगळ्याचं मूळ त्याच्या आधीच्या पायरीत होतं. आराखड्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचे नकाशे होतात, म्हणजे आज कुठे काय आहे एवढंच दाखवणारे. ते जाहीर झाले तेव्हा काही संस्था आणि रहिवासी हातात प्रती घेऊन वॉर्डावॉर्डात फिरले, चुका दाखवल्या. बाकी शहराला वाटलं, 'आज काय आहे' एवढंच तर दाखवलंय, त्यात काय बघायचं? कुठली जागा कशासाठी राखायची हे पुढचं आरक्षण त्याच्याच डोक्यावर बसतं हे नंतर कळलं.

आमच्या बाबतीत तर वेगळीच गंमत. मासळी वाळवायची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, हे सगळं आकाशातून पाहिलं की मोकळी जमीन. मोकळी म्हणजे उपलब्ध. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा घोळ आराखडा मंजूर झाल्यावरही चालूच राहिला.

वैजूताई, तुमच्या नकाशात जे जे रिकामं दिसतंय त्यावर आधी बोट ठेवा. खळं, पार, यात्रेत पालखी टेकते ती जागा, बाजारतळ, बैलगाड्या सोडायची जागा. घराला भांडणारा मालक असतो. रिकाम्या जागेच्या बाजूने कोण बोलणार?

नकाशे_बिकाशे

आवलीताईंच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. सविस्तर लिहायचंय, संध्याकाळी येतो.

मांडवीकाठी

गोव्याहून. आमच्याकडे हा प्रयोग राज्यभर झाला होता. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला, जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढचा, २०२१ चा आराखडा करणाऱ्या कृती दलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. तेव्हा गावागावाचे नकाशे पंचायतींना पाठवले गेले आणि ग्रामसभांकडून सूचना मागवल्या. आमच्या गावात देवळाच्या मंडपात नकाशा अंथरून माणसं रात्री उशिरापर्यंत शेत, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), डोंगरउतार, झरे रंगवत बसली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. इतकी गर्दी ग्रामसभेला त्यानंतर कधी पाहिली नाही.

पण पुढचं ऐका. आराखडा २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला, २०१२ ला सरकार बदलल्यावर स्थगित ठेवला गेला. मग नगरनियोजन कायद्यात दुरुस्त्या येत गेल्या. २०२३ च्या १७(२) कलमाने तर नकाशातली 'अनवधानाने झालेली चूक' दुरुस्त करायची म्हणून एकेका भूखंडाचा विभाग (शेती, वस्ती वगैरे) बदलायची वाट उघडली. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले.

सांगायचा मुद्दा एवढाच. लोकांनी रंगवलेला नकाशा आणि शेवटी छापून आलेला नकाशा यांत काय काय बदललं, का बदललं, हे दाखवणारा कागद आमच्या गावाकडे नव्हता. तुम्ही दुरुस्त्या भिंतीवर लिहून घ्याल, छान. पण त्यांची यादी ठराव म्हणून ग्रामसभेच्या इतिवृत्तात घाला. भिंतीला साक्षीला उभं करता येत नाही.

धानोऱ्याचा_पाव्हणा

गडचिरोलीतून लिहितो. आमच्याकडे नकाशा म्हणजे जंगलाचा.

वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली जवळपास १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दाव्यांचे नकाशे कसे झाले ते सहसा कुणी सांगत नाही.

मी आमच्या भागातल्या एका गावाच्या दाव्यात होतो. जीपीएस यंत्र पोरांच्या हातात, पण पुढे चालत होते म्हातारे. कुठल्या नाल्यापर्यंत आपलं, कुठला दगड शिवेचा, कुठल्या झाडाखाली गावदेव, हे त्यांनाच ठाऊक. पोरांनी फक्त तिथे उभं राहून बटण दाबायचं. कायद्यातही वडीलधाऱ्यांचं निवेदन पुरावा म्हणून चालतं. उलट २०१२ च्या सुधारित नियमांत स्वच्छ लिहिलंय की उपग्रहाचं चित्र आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरा, त्यांच्या जागी वापरू नका. उपग्रहाच्या चित्रात झाडी दिसते, म्हणून इथे कुणी कसत नव्हतं, असं म्हणत दावे फेटाळायचे प्रकार झाले, त्यावरचा हा तोडगा.

दुसरी गोष्ट, शेजारगाव. दोन गावांचे दावे एकमेकांवर चढले तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं असा नियमच आहे. आम्ही दावा चढायची वाट पाहिली नाही, शीव फिरायच्या दिवशीच पलीकडच्या गावाला बोलावलं. जेवण आमच्याकडे. त्यातही दोन ठिकाणी वाजलं. पण जंगलात उभं राहून वाजलेलं तिथेच मिटतं, तहसील कचेरीत वाजलेलं मिटत नाही.

गुलमोहर_७२

जंगलाची शीव आणि भावाभावातली भिंत यांत फरक आहे हो. जंगल सगळ्या गावाचं. इथे ज्याची एक फूट जाणार त्याचं रक्त गरम होणार.

धानोऱ्याचा_पाव्हणा

@गुलमोहर, मान्य आहे. म्हणूनच सगळ्या गावासमोर नको, आळी-आळीने करा. आठ-दहा घरं बसली की ओरडणाराही जरा जपून ओरडतो.

पांढरीबाहेरचा

सगळे गावठाणाच्या आतलं बोलताय. मी बाहेरचं विचारतो.

आमची वस्ती गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानात. आज्याच्या काळापासून. ड्रोन वरून गेला, चित्रात आमची घरं पण आली असतील. पण योजना गावठाणाची, त्यामुळे चुना ओढ्यापर्यंतच मारला. ओढ्याच्या अलीकडच्याला सनद, पलीकडच्याला काहीच नाही. ओढ्याच्या पलीकडे कोण राहतं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात वेगळं सांगावं लागत नाही.

गायरानावरच्या घरांचं काय होतं तेही माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आला, गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो विषय निघाला तेव्हा आमच्याकडे नोटिसा आल्या होत्या. बायाबापड्या रात्र रात्र जाग्या. म्हणजे आमच्यासाठी अचूक नकाशा ही धास्ती आहे. तुमच्या घराची हद्द पक्की होणार त्याच चित्रात आमचं अतिक्रमण पक्कं दिसणार.

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणूनच लिहितोय. नकाशा लावाल तेव्हा तो कुठे संपतो ते बघा.

वैजू_घाटाखालची

@पांढरीबाहेरचा, दादा, खरं सांगायचं तर हा प्रतिसाद वाचून जरा वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्याकडेही ओढा आहे आणि पलीकडे बावीस घरं आहेत. कच्चा नकाशा पुन्हा पाहिला. चित्र आहे, पण घरांना क्रमांक नाहीत.

यावर काय करता येईल? टिपणवही काका?

टिपणवही

गायरानावरच्या घराला या योजनेत सनद देता येत नाही. हद्दवाढ, अतिक्रमण नियमित करणं, या वेगळ्या वाटा आहेत, त्या जिल्हाधिकाऱ्यांकडून जातात आणि खूप वेळ खातात. ग्रामपंचायतीच्या हातात एक आहे: सुविधांचा नकाशा. तो मालकीचा नाही, त्यामुळे त्याला गावठाणाच्या हद्दीत अडकायचं कारण नाही. त्या वस्तीचे दिवे, नळ, रस्ता, अंगणवाडी त्यात येऊ द्या. घरपट्टी, वीजबिलं, जुन्या मतदार याद्या असे कागद लोकांनी एकत्र ठेवावेत, पुढे वास्तव्याचा काळ दाखवायला लागतात. याहून जास्त आश्वासन मी देणार नाही.

नकाशे_बिकाशे

आलो. मी पुण्यात नोकरी करतो आणि रविवारी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशे रंगवतो (२००४ पासून चालू असलेला, कुणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा. जाता जाता, त्यात ठिकाणाचं मराठी नाव भरायला वेगळी जागा आहे आणि आपली निम्मी गावं तिथे कोरी आहेत. असो.)

काकांचा मुद्दाच पुढे नेतो. वैजूताई, दोन नकाशे करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. मालकीचा नकाशा खात्याचा. त्यावर तुम्ही फक्त चुका टिपायच्या. त्याचा फोटो काढू द्यायचा नाही, ग्रुपवर जाऊ द्यायचा नाही, ओपनस्ट्रीटमॅपवर तर मुळीच चढवायचा नाही. सुविधांचा नकाशा गावाचा. तो जितका फिरेल तितका चांगला.

सुविधांचा नकाशा कसा करायचा? ॲपपासून सुरुवात करू नका. ड्रोनच्या चित्राची मोठी छापील प्रत घ्या, त्यावर पारदर्शक कागद, आणि पाणी सोडणाऱ्या काकांना सोबत घेऊन एक सकाळ गावात फिरा. मोबाईलचं जीपीएस अरुंद बोळात पाच-दहा मीटर सहज चुकतं, म्हणजे व्हॉल्व्ह शेजारच्या आळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा चित्रात दिसणारा घराचा कोपरा धरायचा आणि तिथून टेपने अंतर घ्यायचं. प्रत्येक व्हॉल्व्हला रंगाने क्रमांक द्या, जमिनीवर आणि कागदावर तोच. मग हे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे.

सरकारी बाजूही पाहून ठेवा. पंचायत राज मंत्रालयाचं ग्राम मानचित्र हे संकेतस्थळ आहे, त्यावर ग्रामपंचायतीच्या आराखड्यातली कामं नकाशावर पाहता येतात. रोजगार हमीच्या कामांचे जागेसकट फोटो २०१६ पासून इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावर आहेत. ग्रामसभेत प्रोजेक्टर लावून आपल्या गावची रोहयोची कामं उघडा. 'ही विहीर कुणाच्या शेतात दिसतेय?' एवढा एकच प्रश्न विचारा आणि खाली बसा. नकाशाचा खरा उपयोग लोकांना त्या क्षणी कळतो.

शेवटचं, आणि हे कुणी ऐकत नाही. दर वर्षी नकाशा कोण दुरुस्त करणार ते आधी ठरवा. मी पाहिलेले बहुतेक गावनकाशे दुसऱ्या वर्षी मेले, कारण करणारं पोरगं नोकरीला लागलं आणि फाईल त्याच्या लॅपटॉपबरोबर गेली.

सोनसाखळी

अवांतर प्रश्न: गावाने स्वतःचा ड्रोन उडवला तर चालतं का? माझ्या भाच्याकडे लग्नाच्या शूटिंगचा आहे.

नकाशे_बिकाशे

@सोनसाखळी, ड्रोन नियम २०२१ बघा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सवलती आहेत, त्यावरच्यांना नोंदणी लागते, आणि विमानतळ किंवा लष्करी भागाजवळ असाल तर विसराच. उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर आपला भाग हिरव्या (मोकळ्या) क्षेत्रात आहे का ते तपासा. नकाशे करण्यावरची जुनी बंधनं फेब्रुवारी २०२१ मध्ये बरीच सैल झालीत, भारतीय नागरिकाला त्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. पण भाच्याच्या ड्रोनच्या चित्रावरून कुणाची हद्द ठरवायला जाऊ नका, तेवढं पथ्य पाळा.

वैजू_घाटाखालची

सगळ्यांचे आभार. एक प्रश्न राहिला, आणि तो माझ्या आळीतल्या एका बाईंचा आहे. घर सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले, नवरा गेला, दीर मुंबईला. घरात राहतात त्या आणि मुलगी. चौकशीत कुणाचं नाव लागणार? दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही नका येऊ, मी येऊन सही करून जातो."

टिपणवही

त्यांनी हजर राहायचंच. सासऱ्यांच्या वारसांत मयत मुलाची बायको आणि मुलगी दोघी येतात, दिरांना असलेल्या बहिणीही येतात. मृत्यूचे दाखले आणि वारसांची माहिती घेऊन नमुना ८ ला वारस नोंदीचा अर्ज आत्ताच द्या, चौकशीची वाट पाहू नका. चौकशीच्या दिवशी म्हणणं लेखी द्यायचं, पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं कागदावर उतरत नाही.

बंदरावरची_आवली

आणि नवरे जिवंत आहेत त्या घरांचं पण बघा की. 'घर दोघांचे' हे परिपत्रक २००३ पासून आहे, नमुना ८ ला नवरा-बायको दोघांची नावं लावायचं. किती घरांत लागलीत ते रजिस्टर उघडून बघा. सनद निघेल ती बहुतेक त्याच रजिस्टरातलं नाव उचलून.

वैजू, ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यावी लागते ना? नकाशा पहिल्यांदा तिथेच उघड.

गुलमोहर_७२

महिलासभा कागदावर होते. सह्या घरी येऊन घेतात.

वैजू_घाटाखालची

@गुलमोहर, यावेळी खरी झाली. अपडेट द्यायला आले आहे.

नकाशा ग्रामपंचायतीत लावलाच नाही. तिथे बायका जात नाहीत, आणि सरपंचांचाही मान राहिला. शाळेच्या व्हरांड्यात लावला, क्रमांकांसकट, नावांशिवाय, शेजारी 'फोटो काढू नये' असा फलक आणि खुर्चीवर शिपाई. महिलासभेला चाळीसेक बायका आल्या. पहिला अर्धा तास प्रत्येकीने आपलं घर शोधलं. मग एका आजींनी विचारलं, "विहिरीकडं जायचा बोळ कुठाय?" बोळ नव्हता. दोन्ही बाजूंचे पत्रे पुढे आलेत, त्यामुळे वरून तो दिसतच नाही, नकाशात दोन घरं चिकटलेली. एकाही पुरुषाच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण त्या बोळाने पाण्याला फक्त बायकाच जातात.

आळीवार बैठकाही सुरू केल्यात. वरच्या आळीत दोन ठिकाणी वाजलं, एक मिटलं, एक नाही. न मिटलेल्याची दोन्ही बाजूंची हरकत लेखी घेतली. घरपट्टीचं मी पहिल्याच बैठकीत बोलले. लोक कुरकुरले, पण उठून कुणी गेलं नाही. दुरुस्त्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावात घातली आहे, ही कल्पना मांडवीकाठी यांची.

सुविधांचा नकाशा ओढ्यापलीकडून सुरू केला. तिथे खांब पाच आहेत, दिवे दोन. हे आता कागदावर आलंय, त्यामुळे उरलेले तीन दिवे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घ्यायला कुणाला नाही म्हणता आलं नाही. सनदेचं काही झालेलं नाही. वस्तीवरच्या एका मुलानेच क्यूजीआयएस शिकायला घेतलंय, फाईलची एक प्रत त्याच्याकडे, एक शाळेत, एक ग्रामसेवकांकडे.

विहिरीच्या बोळाबद्दल विचारायचंय. दोन्ही घरवाले म्हणतात बोळ आमच्या मालकीचा, फक्त वहिवाट गावाची. हरकत कुणाच्या नावाने टाकायची?

टिपणवही

ग्रामपंचायतीच्या. सार्वजनिक वहिवाटीच्या रस्त्यासाठी हरकत ग्रामपंचायतीने घ्यायची, ठरावाची प्रत जोडून. त्या आजींचं आणि आणखी दोन-तीन वयस्क बायकांचं लेखी म्हणणं सोबत लावा, किती वर्षं ये-जा आहे ते त्यांच्याच शब्दांत. पडताळणीच्या दिवशी त्यांना जागेवर उभं करा आणि बोळाची रुंदी पत्र्याखालून, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेपने मोजून घ्या. पत्र्याच्या कडेपासून मोजू देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी.

पांढरीबाहेरचा

ताई, त्या पोराचा नंबर खासगी निरोपाने पाठवा. आमच्याकडचा नकाशा करायचाय.